सुखनाच्या काठावरून मालवण

कोकणाचा सागरी वारसा म्हणजे जलदुर्ग, आरमार आणि गलबतं, असं मी अगदी अलीकडेपर्यंत मानत होते. भूगोल शिकवण्यात उमर गेली, पण या बाबतीत माझ्या मनातला नकाशा पुळणीपाशीच संपायचा. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी ही नावं घेतली, कान्होजी आंग्र्यांना नमस्कार केला, की विषय पुरा झाला असं वाटे. मागचे जांभ्याचे सडे, त्यांच्या घळींतली राई, घाटाखालची गावं, या सगळ्याला मी ‘आतला मुलूख’ म्हणायचे. आता माझं मत साफ पालटलं आहे. बंदर टिकतं की बुजतं याचा निकाल डोंगरात लागतो, असं मी आज मानते. समुद्रापासून हजारभर किलोमीटर लांब, चंदीगढला राहून मला हे उमगलं, म्हणून ही हकीकत लिहिते आहे.

मी मालवण तालुक्यातली. आजोबा बंदरखात्यात कारकून होते. मुंबईहून येणारी आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना, त्यांच्या ट्रंका-बोचक्यांसकट, पडावातून किनाऱ्याला आणावं लागायचं, हे ते रंगवून सांगत. बोट धक्क्याला का लागत नसे, असं विचारलं की म्हणत, “पाणी नाय गो.” एवढ्या मोठ्या दर्यात पाणी कसं नाही, हे मला तेव्हा कळायचं नाही, पण समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग दिसत असे आणि तो दिसला की दुसरं काही विचारावंसं वाटत नसे. २५ नोव्हेंबर १६६४ ला त्या किल्ल्याची पायाभरणी झाली, ही तारीख मला पाढ्यांच्या आधी पाठ होती.

लग्न होऊन चंदीगढला आले ती इथलीच झाले. कॉलेजात भूगोल शिकवला. शिवजयंतीला इथली मराठी मंडळी जमतात, त्यात हवाईदलातले असतात, पीजीआयमधले डॉक्टर असतात, चंडीमंदिरच्या छावणीतली कुटुंबं असतात. तिथे आरमारावर बोलायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. गुराब आणि गलबतात फरक काय, १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या पाण्यात आंग्र्यांचं आरमार कसं जळालं, त्या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला खुद्द पेशव्यांची फौज कशी होती, हे मी पोटतिडकीने सांगायचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आरमाराचा भागही सांगायचे. जहाजांसाठी लाकूड लागतं, ते रानातून परवानगीने घ्यावं. आंबा-फणसाच्या झाडांना मात्र रयतेच्या राजीखुशीशिवाय हात लावू नये, कारण ती वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा तो आशय. राज्यकर्त्याच्या कनवाळूपणाचा दाखला म्हणून मी तो द्यायचे. आरमाराच्या प्रकरणात झाडं का आली, या प्रश्नाशी मी कधी थांबले नाही.

चंदीगढचा समुद्राशी काडीचाही संबंध नाही. इथलं पावसाचं पाणी ‘चो’मधून, म्हणजे एरवी कोरड्या ठणठणीत आणि पावसाळ्यात खवळणाऱ्या ओढ्यांतून, घग्गर नदीला मिळतं आणि घग्गर राजस्थानच्या वाळूत जिरून जाते. या शहराचा थेंबही समुद्रापर्यंत पोचत नाही. म्हणूनच बहुधा इथल्या लोकांना सुखना तलावाचं इतकं अप्रूप आहे. १९५८ साली सुखना चो अडवून हा तलाव केला. ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांचं ते काम. बांधावर मोटार नको आणि पाण्यात यंत्राची बोट नको, हा कॉर्बुझिएंचा आग्रह होता. त्यांचे चुलतभाऊ पिएर जान्नरे इथे वर्षानुवर्षं राहिले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा १९७० मध्ये याच पाण्यात सोडली. पहाटे वल्ह्यांच्या शर्यतीचा सराव करणारी पोरं दिसतात, हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. मला तो आमच्या खाडीची आठवण म्हणून आवडायचा, त्यापलीकडे नाही.

पण तलाव भरभर उथळ होत गेला. शिवालिकच्या टेकड्या तरुण आणि ठिसूळ आहेत. भुसभुशीत वालुकाश्म, गोटे आणि चिकणमाती यांचे ते ढीग. वर्षाचा बहुतेक पाऊस तीन महिन्यांत कोसळतो आणि उघड्या उतारावरून माती घेऊन खाली येतो. १९७४ मध्ये चोचा प्रवाह वळवून गाळ बाहेर ठेवायची व्यवस्था करावी लागली. पुढे उन्हाळ्यात शहरातले लोक फावडी-घमेली घेऊन श्रमदानाला उतरू लागले, तेव्हा मीही विद्यार्थिनींना घेऊन गेले होते. तळाचा एक भाग उघडा पडला होता, वर भेगा पडून कडक झालेला, आत ओलसर. कुदळीने निघालेला एक ढेकूळ मी हातात घेतला आणि मधोमध मोडला. आत थरावर थर होते. तळाशी जाड करडी वाळू, वर वर बारीक होत गेलेली माती, अगदी वर साबणासारखा गुळगुळीत पिवळट लेप, आणि त्यावर पुन्हा वाळू. लोंढा जोरात येतो तेव्हा आधी जड ते खाली बसतं, पाणी निवळू लागलं की मग बारीक. म्हणजे वाळू-मातीची प्रत्येक जोडी हा एकेका पुराचा दाखला. मुलींना तो ढेकूळ दाखवून मी अख्खा तास घेतला.

त्या तासाला सुखोमाजरीची गोष्ट ओघानेच आली. गाळ तळ्यातून काढत बसण्यापेक्षा तो येतो कुठून ते बघू, म्हणून केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या इथल्या केंद्रातले पी. आर. मिश्रा १९७० च्या दशकात चोच्या उगमाकडे चढत गेले. पाणलोटाच्या एका लहानशा, पार बोडक्या झालेल्या भागातूनच गाळाचा मोठा हिस्सा येत होता. तिथे सुखोमाजरी नावाचं गुज्जरांचं गाव होतं. शेती आभाळाच्या भरवशावर, म्हणून पोट बकऱ्यांवर, आणि बकऱ्या टेकडीवर. चराई बंद करा असं नुसतं सांगून कुणी ऐकणार नव्हतं. १९७६ मध्ये मातीचा पहिला बंधारा झाला, पाणी शेताला मिळालं. ज्याच्याकडे जमीन नाही त्या घरालाही पाण्याचा सारखाच वाटा द्यायचा, तो त्याने हवा तर विकावा, असं ठरलं, आणि त्याच्या बदल्यात टेकडीवर मोकळी चराई करायची नाही हे गावाने आपणहून मान्य केलं. भाबर गवत वाढलं, म्हशी वाढल्या, बकऱ्या घटल्या. तलावात येणारा गाळ झपाट्याने कमी झाला. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. अलीकडे कमी पावसाच्या वर्षांत तलाव आटू लागला, तेव्हा वरचे बंधारे गाळाबरोबर पाणीही अडवतात, अशी चर्चा इथे सुरू झाली. पण चर्चाही डोंगराचीच होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला, परीक्षेत त्यावर प्रश्न काढले. आपल्या कोकणाशी त्याचा सांधा जोडावा असं मनात आलं नाही. माझ्या लेखी ते पाणलोटाचं प्रकरण होतं आणि कोकण हे आरमाराचं.

सांधा जुळला तो २२ जुलै २०२१ नंतर. त्या दिवशी चिपळूण बुडालं. माझी मावसबहीण तिथे बाजारपेठेत राहते. तिच्याशी बोलणं झालं तेव्हा पाणी ओसरलं होतं. पुराबद्दल ती फारशी बोललीच नाही, बोलली ती गाळाबद्दल. कपाटात गाळ, भिंतीवर कंबरेच्या वर गाळाची रेघ, देव्हाऱ्यातल्या मूर्तींवर गाळ. त्या पुराला कारणं अनेक होती. अतोनात पाऊस, त्यात भरतीची वेळ, कोयनेच्या वीजघरांतून वाशिष्ठीत येणारं पाणी यावर बरेच वाद झाले. पण पुढे लोक आंदोलनाला बसले ते वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा, ही मागणी घेऊन. मी फोन ठेवला आणि डोळ्यासमोर सुखनाचा तो मोडलेला ढेकूळ आला. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आहे. बहमनी काळात घोडे, कापड आणि मक्केचे यात्रेकरू यांची जिथून ये-जा चाले, अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरून, दख्खन फिरून, परतीला जिथून निघाला, ते हे दाभोळ. आणि चिपळूणला खेटून असलेल्या गोवळकोटपर्यंत गलबतं येत. ज्या पाण्यावरून गलबतं आली तेच पात्र आज भरून माझ्या बहिणीच्या घरात आलं होतं.

मग मी १८८० चं रत्नागिरी गॅझेटियर पुन्हा काढलं. त्यातले किल्ले मी पूर्वी खुणा करकरून वाचले होते, बंदरांची पानं चाळून सोडली होती. आता ती वाचली. राजापूरला अजून अरबी जहाजांचा थेट व्यापार आहे, पण मोठं तारू जुन्या दगडी धक्क्याच्या जवळपासही येऊ शकत नाही, असं त्यात आहे. शास्त्री नदी गाळाने भरत चालल्याने संगमेश्वरपर्यंत मोठी जहाजं येईनाशी झाली, असं आहे. संगमेश्वर म्हटलं की आपल्याला १६८९ सालची संभाजीराजांची कैद आठवते, तिथे कधी जहाजं लागत हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. खारेपाटणचंही तसंच. मुंबई-गोवा रस्त्यावरचा चहाचा थांबा म्हणून ते ओळखीचं, पण तिथे सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे आणि त्यातलं बलिपत्तन हे बंदर म्हणजे खारेपाटणच, असं अभ्यासक म्हणतात. ही सगळी गावं समुद्रकाठची नव्हेत. खाडीतून भरतीबरोबर आत शिरायचं, घाटाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, तिथे बैलांच्या तांड्यांना माल द्यायचा, अशी कोकणातल्या व्यापाराची रीत होती. समुद्राइतकीच खाडीची खोली म्हणजे या बंदरांचं भांडवल. ते भांडवल डोंगरावरची माती येऊन बसल्यावर संपलं.

विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडक कोरून केलेली आंग्र्यांची गोदी आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला कोरडं करून डागडुजी करायची. माझ्या प्रत्येक भाषणात ती यायची. त्याच गॅझेटियरात तिच्यात गाळ साचल्याची नोंद आहे, आणि ते वाक्य मी इतकी वर्षं ओलांडून पुढे जात होते.

माझा एक विद्यार्थी इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, ईस्ट ससेक्समध्ये नोकरीला आहे. त्याला हे कळवलं तर त्याने तिकडची कथा लिहून पाठवली, आणि ती ऐकून मी खरोखर चकित झाले. हेस्टिंग्ज, न्यू रॉम्नी, हाइथ, डोव्हर आणि सँडविच या पाच बंदरांनी मध्ययुगात इंग्लंडच्या राजाला वर्षाकाठी ५७ जहाजं पंधरा दिवस पुरवायची, त्या बदल्यात करमाफी आणि मानमरातब घ्यायचे, असा करार होता. पुढे राय आणि विंचेल्सी ही गावंही त्यांच्या पंगतीला बसली. १२८७ च्या वादळात रॉम्नीचं बंदर रेतीगाळाने बुजलं आणि नदीचा ओघच पालटून रायकडे गेला. पण वादळ हे निमित्त. पुढच्या काही शतकांत खाडीकाठच्या दलदली बांध घालून शेतीखाली आणल्या, भरतीच्या पाण्याला पसरायला जागा उरली नाही, त्यामुळे ओहोटीला पूर्वीसारखा जोर करून ते मुखातला गाळ ढकलेना. आज राय आणि सँडविच दोन्ही समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत आहेत. रायजवळ आठव्या हेन्रीने बांधलेला कॅम्बर किल्ला तर समुद्र मागे हटल्यावर सोडूनच द्यावा लागला. त्याच्याभोवती आता मेंढ्या चरतात.

कॅम्बरच्या किल्ल्याचा फोटो मी बराच वेळ बघत होते. चिरेबंदी सगळं शाबूत, फक्त समुद्र नाही.

आमच्याकडे खाजणं आहेत, खारफुटी आहे, आणि खारबंदिस्तीही आहे. भरतीचं पाणी खाजणात पसरतं, तिथे क्षणभर विसावतं आणि सुकतीला सगळं एकदम परतताना खाडीचं तोंड धुऊन नेतं. खाजण बुजवलं की तोंडाशी वाळूचा दांडा वाढतो. हे कुठल्याही तांडेलाला विचारा, तो सांगेल, फक्त त्याला ‘वारसा’ या विषयावर बोलायला कुणी बोलावत नाही. मीही कधी बोलावलं नाही.

माझ्या या मतावर हरकती आहेत आणि त्या पोकळ नाहीत. सह्याद्रीचा काळा पाषाण शिवालिकसारखा ठिसूळ नाही, हे खरं. कोकणातली बंदरं एकट्या गाळाने मेली नाहीत, हेही खरं. जहाजं मोठी झाली, मुंबईने व्यापार ओढून घेतला, घाटांतून रस्ते झाले, नंतर मोटार आणि शेवटी कोकण रेल्वे आली. गाळ नसता तरी राजापूर आज बंदर म्हणून भरभराटलं असतं असं मला वाटत नाही. पण वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, समुद्रापासून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर उभा घाट, त्यावरून धावत सुटलेल्या आखूड नद्या, आणि उतारावरचं रान तोडलेलं, हा मेळ जिथे जमतो तिथे खडक कठीण असला तरी वरची माती थांबत नाही. राजापूरला दर पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरतं ते त्या जुन्या बंदराच्याच पात्रातून. बंदराचा इतिहास म्हणून जे आपण मिटवलं ते पुराचं वर्तमान होऊन समोर उभं आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थळांना युनेस्कोचा मान मिळाला. बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. मी इथे पेढे वाटले. चंदीगढच्या कॅपिटल कॉम्प्लेक्सला २०१६ मध्ये तोच मान मिळाला होता, त्यामुळे शेजाऱ्यांना माझा आनंद लगेच समजला. तो आनंद आजही तसाच आहे. किल्ल्यांवरचं माझं प्रेम तिळभरही उणावलेलं नाही. पण विजयदुर्ग राखायचा तर वाघोटण नदी खारेपाटणपर्यंत आणि त्याच्याही वर राखली पाहिजे, आणि सिंधुदुर्गाचा विचार करताना धामापूर आठवलं पाहिजे, असं मला आता वाटतं.

धामापूर मालवण तालुक्यातच, समुद्रापासून आत, डोंगरांच्या कुशीत. १५३० साली नागेश देसाई यांनी गावकऱ्यांकडून तिथे तलाव बांधून घेतला. काठाला भगवतीचं देऊळ आहे, भोवती दाट झाडी आहे, आणि मालवण शहराला पिण्याचं पाणी तिथूनच येतं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हटलं. लहानपणी आम्ही तिथे सहलीला जायचो आणि मला तिथे कंटाळा यायचा, कारण दर्या दिसायचा नाही. सुखना बांधला आणि पंचवीस वर्षांच्या आत गाळाची रड सुरू झाली. धामापूर पाचशे वर्षांच्या घरात आलं तरी पाणी देतं आहे. झाडी राखल्याचं फळ याहून सरळ मला दाखवता येणार नाही. आज्ञापत्रातल्या आंब्या-फणसांकडे मी आता कनवाळूपणाचा दाखला म्हणून बघत नाही. आरमार चालवणाऱ्यांना रानाचा हिशेब ठाऊक होता, असं त्यातून मला दिसतं.

मत पालटलं की कधी ना कधी ते गाठीशी येऊन भिडतं. आमच्या घराण्याचा सडा सामायिक आहे. त्यावर चिरेखाण काढायची, एक कंत्राटदार चांगला भाव देतो, असं चुलतभावाने कळवलं, आणि माझी सही मागितली. दहा वर्षांपूर्वी मी डोळे मिटून दिली असती. सडा म्हणजे पडीक, असं मीही धरून चालले होते. भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, थंय दगडाशिवाय काय असा?” त्याचं म्हणणं मला समजतं. त्याच्या घराचं छप्पर गळतं, मुलाचं शिक्षण आहे, आणि मी इथे पेन्शन घेऊन बसले आहे. पण जांभ्याचा तो कातळ पावसाचं पाणी पिऊन घेतो आणि खाली वाडीतल्या झऱ्याला उन्हाळ्यापर्यंत पुरवतो. कातळ कापला की खालची मऊ चिकट माती उघडी पडते, खाणीचा चुरा आणि ती माती पहिल्याच पावसात व्हाळाला लागते, व्हाळ नदीला, नदी खाडीला. शिवाय कुडोपीसारख्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या अशा शिल्पांत मासे आहेत, शार्क आहेत, पाकट आहेत. ती कोरणाऱ्यांनी समुद्रातले जीव सड्यावर आणून ठेवले, दोन्हींमध्ये त्यांनी रेघ मारली नव्हती.

मी सही दिलेली नाही. नुसतं नाही म्हणून भावाच्या डोक्यावर ओझं टाकायचं हेही मला पटत नाही. सुखोमाजरीत आधी पाणी आलं, मग बकऱ्या उतरल्या. म्हणून छपराच्या खर्चातला वाटा मी उचलते आहे, आणि सड्याच्या खालच्या अंगाला काजू आणि कोकम लावून झऱ्यावर लहान बंधारा घालता येईल का, त्यासाठी कुठली योजना लागू पडते, हे कृषी खात्यात विचारायला भावालाच सांगितलं आहे. तो अजून नाराज आहे. बाकीच्या दोन हिस्सेदारांपैकी एकाने सही केली आहे, दुसरा माझ्या येण्याची वाट बघतो आहे. मे महिन्यात मी गावी जाणार आहे, तेव्हा तिघांना घेऊन आधी सड्यावर आणि मग झऱ्यावर जाऊ असं ठरलं आहे.